सत्याचा उजवा गाल

माझ्या सासूबाई कान्ह्याला धाकट्या दिराकडे राहतात आणि मी लोणावळ्यात एकटी राहते. महिन्या-दोन महिन्यांनी आमची भेट होते. कधी मी जाते, कधी त्या लोकलने येतात. चहा होतो, कोण आजारी, कुणाची सोयरीक मोडली हे बोलून होतं. मग आत्ताआत्तापर्यंत त्या एकच गोष्ट विचारायच्या.

"शेवटाला त्याचं तोंड कसं दिसत हुतं गं?"

त्याचं म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाचं. माझ्या नवऱ्याचं.

तो गेला तेव्हा खोलीत मी होते, त्या नव्हत्या. दुपारची वेळ होती. ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. त्या मशीनची घरघर मला इतकी सवयीची झाली होती, की तिच्याखाली त्याचा श्वास थांबल्याचं लगेच कळलं नाही. कळल्यावर मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. किती वेळ, ते आठवत नाही. नंतर शेजारच्या मावशी आल्या. त्यांच्या हातून अशी कामं पुष्कळ झालेली. त्यांनी पापण्या मिटवल्या, माझ्याकडून पांढरं कापड मागून घेतलं, हनुवटीखालून वर नेऊन डोक्यावर गाठ मारली आणि पायांचे अंगठे बांधले. "आत्ताच करायला हवं बाई," म्हणाल्या, "नंतर जबडा ऐकत नाही."

संध्याकाळी आई कान्ह्याहून आल्या. मी सासूबाईंना आई म्हणते. त्यांच्यासमोर होता तो असा बांधून नीटनेटका केलेला चेहरा, आणि तोही त्यांना धड दिसत नव्हता, कारण तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. त्यांनी हातांनी चाचपून बघितलं. गाठ हाताला लागली तशा त्या ओरडल्या, "सोडा ती पट्टी! गुदमरतंय त्याला!" बायकांनी त्यांना धरून बाजूला नेलं. अंत्यविधीसाठी विहारातले भन्ते यायची वेळ झाली होती.

दिरांनी आणि घरातल्या सगळ्यांनी त्यांना केव्हाच सांगून टाकलं होतं, की तो शांतपणे गेला, झोपेतच गेला. आई ऐकून घ्यायच्या. पण सांगणारे सगळे नंतर आले होते हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्या पुन्हा मला विचारायच्या. मी "औषध घेतलंत का" म्हणायची, किंवा "आई, आता ते कशाला" म्हणायची. शांत होता असं म्हणणं सोपं होतं. ते तोंडातून निघत नव्हतं, कारण मला ते ठाऊक नव्हतं. मी तो चेहरा हातभर अंतरावरून बघितला होता, आणि त्यावर काय आहे हे मला वाचता आलं नव्हतं.

चेहरे वाचण्यावरच माझं पोट चाललं, म्हणून हे जास्त लागायचं.

पुण्यातल्या एका कला महाविद्यालयात मी कलेचा इतिहास शिकवत असे. रोज लोणावळ्याहून जाऊन येऊन. युरोपातली सतराव्या शतकातली शिल्पं, ज्यांना बरोक म्हणतात, ती माझ्या वाट्याला आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. फार हातवारे, फार कपडे, फार रडारड, असं माझे सहकारी म्हणायचे. रोमला मी कधी गेले नाही. शिकवलं ते सगळं काळ्यापांढऱ्या स्लाइडवरून आणि जाड पुस्तकांवरून. पण खंडाळ्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या बागेत त्या पद्धतीचं एक संगमरवरी शिल्प आहे. कुणा शेठजींनी कधीकाळी इटलीहून मागवलेली नक्कल. मूळ शिल्प कुठलं, याचा मी पुष्कळ शोध घेतला, लागला नाही. कदाचित दोन-तीन शिल्पं बघून कुणीतरी जुळवलेलं असेल. मला त्यानं फरक पडत नव्हता. ते दगडाचं होतं, त्याच्याभोवती फिरता येत होतं, आणि ते घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं.

ते रूपकाचं शिल्प आहे. काळ सत्याला उघडं करतो, हा त्या काळातला आवडता विषय. काळ म्हणजे एक म्हातारा. पाठीला पंख, पण आता दोन्ही पंखांचे नुसते खुंट उरलेत, आणि हातात पूर्वी विळा असावा, तो गेलाय. डाव्या हातानं तो एका तरुण बाईच्या अंगावरचं वस्त्र ओढतो आहे. ही बाई म्हणजे सत्य. खडकावर बसलेली, की खडकावरून उठत असलेली, हे नेमकं सांगता येत नाही. गुडघे एका बाजूला, खांदे दुसऱ्या बाजूला, आणि मान आणखी तिसरीकडे, वर, उजेडाच्या दिशेनं. तोंड थोडं उघडं. बरोक मूर्तिकाराला स्थिर माणूस नको असतो. त्याला हालचालीच्या मधला क्षण हवा असतो, पुढच्या क्षणाला मोडून जाणारा. म्हणून तो शरीर असं पिळतो, वस्त्राच्या घड्या खोल खणून त्यांत काळोख भरतो, आणि तोंड उघडं ठेवतो.

वर्गात माझी एक पद्धत होती. मी पडद्यावरच्या चेहऱ्यासमोर पुठ्ठा धरायची आणि मुलांना सांगायची, आधी शरीर वाचा. हात काय म्हणतो, पायाची बोटं काय म्हणतात. मग पुठ्ठा काढायचा. उघडं तोंड दुःखाचं, सुखाचं, किंकाळीचं, हसण्याचं, कशाचंही असू शकतं. ते कशाचं आहे हे बाकीचं शरीर सांगतं. खंडाळ्याच्या सत्याबद्दल माझी खात्री होती. तिचा वर उचललेला हात सैल आहे, तळवा उघडा आहे, ती कापड घट्ट धरून ठेवत नाही. म्हणजे तिला लाज नाही, भीती नाही. ती सुटल्याच्या आनंदात हसू लागली आहे. असं मी वर्षानुवर्षं शिकवलं आणि एका मासिकात लिहिलंही.

नवऱ्याला हे मान्य नव्हतं. तो रेल्वेत, घाटातल्या रुळांच्या देखभालीवर होता. सुट्टीच्या दिवशी आम्ही पायी खंडाळ्याला जायचो आणि मी शिल्पाभोवती फिरत असताना तो झाडाखाली बसून शेंगा खायचा. म्हाताऱ्याच्या पायांकडे बघून म्हणायचा, "हा घसरणार. याच्या टाचेखाली आधारच नाही. मुकादम असतो तर याला उभाच राहू दिला नसता." आणि बाईचं विचारलं की म्हणायचा, "हसत नाही काही. शिंक येतेय तिला."

मी चिडायची. मग माझ्या लक्षात यायचं, की त्या नाकपुड्यांकडे बघितलं तर शिंकेच्या आधीचं तोंड असंच होतं.

तो गेल्यानंतर काही महिन्यांनी बंगल्याच्या मालकांच्या सूनबाईंचा फोन आला. बंगला आता पर्यटकांना दिवसावारी भाड्यानं देतात. पुतळ्याशेजारी एक फलक लावायचा होता.

"मॅडम, एकदम सोपं लिहा. अर्धं पान बास. आणि ती हसतेय की रडतेय ते एका ओळीत टाका, गेस्ट सारखे विचारतात."

"हसतेय की रडतेय?"

"हो ना. अर्धे म्हणतात हसतेय, अर्धे म्हणतात रडतेय. परवा एक ग्रुप त्यावर भांडला."

मी हो म्हटलं. दुसरं काही काम नव्हतं, आणि असं पान मी पूर्वी लोकलमध्ये बसल्या बसल्या लिहिलं असतं. आता मला एकेक वाक्य लिहायला आठवडा लागत होता. म्हाताऱ्याचं झालं, वस्त्राच्या घड्यांचं झालं, चेहऱ्याशी येऊन मी थांबले. पाऊस संपल्यावर एकदा जाऊन बघावं असं ठरवलं. पावसाळ्यात तिथे जाऊन उपयोग नसतो. खंडाळ्याच्या पावसात दगडावर शेवाळ चढतं, म्हणून तिथला माळी आषाढापासून त्या दोघांना निळ्या ताडपत्रीत गुंडाळून सुंभानं बांधून ठेवतो. चार महिने काळ आणि सत्य एका गाठोड्यात असतात.

ताडपत्री निघाल्याचं कळल्यावर मी गेले. चेहऱ्यावर काहीतरी बदललं होतं, पण काय ते लांबून कळेना. जवळ गेले. उजवा गाल, डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठांपर्यंत, पांढराफटक आणि खरखरीत झाला होता. खडू असतो तसा.

माळी पाइप घेऊन फरशी धूत होता. खालच्या गावातला, शेती असलेल्या घरातला माणूस. मी त्याला भाऊ म्हणते.

"भाऊ, हे काय झालं?"

"काय झालं? साफ केली की. सुंब वल्लं हून काळं पानी गळलं हुतं बगा डोळ्याखालनं. रडल्यावानी दिसायची. गेस्ट लोक म्हनायचे, भूत हाय. म्हनलं घासून टाकू."

"कशानं घासलंत?"

"ॲसिडनं. फरशीला टाकतो त्येच. लगीच फेस आला, डाग गायब." तो खूश होता. मग माझं तोंड बघून म्हणाला, "का वं बाई, चुकलं का?"

इकडे पाऊस सरला की सगळे हेच करतात. पायऱ्या, न्हाणीघर, ओटा, जिथे जिथे काळं चढलं तिथे ॲसिड. माझ्या घरी मीही करते. संगमरवर चुन्याचाच दगड, ॲसिडनं खाल्ला जातो, हे कोण कुणाला सांगणार? मी म्हटलं, "असू द्या. आता पुन्हा नका लावू."

घरी परत न जाता मी तिथल्या पायरीवर बसून राहिले. मूर्तिकार गाल तुळतुळीत का करतो हे मी शिकवत असे, पण मला ते त्या दिवशी दिसलं. डाव्या गालावरून उजेड घसरत ओठाच्या कोपऱ्याशी जातो आणि तो कोपरा वर उचलल्यासारखा वाटतो. उजव्या गालावर उजेड जागीच मरतो, आणि तोच ओठ, त्याच मापाचा कोपरा, खाली ओढल्यासारखा दिसतो. डावीकडून ती हसत होती. उजवीकडून तिला काहीतरी दुखत होतं. इतकी वर्षं मी शिकवलेला तिचा तो आनंद नुसत्या पॉलिशवर उभा होता.

मग मी माझी जुनी पद्धत वापरून बघितली. हात डोळ्यांसमोर धरून चेहरा झाकला आणि शरीर वाचायला लागले. सैल तळवा. सुटलेल्या माणसाचा हात सैल असतो हे खरं. पण आजारपणात मी नवऱ्याला रोज उचलून बसवत असे. तेव्हा एक गोष्ट बघितली होती. फार दम लागलेल्या माणसाचा हातही असाच सैल असतो, तळवा असाच उघडा पडतो, कारण मूठ आवळायलाही श्वास लागतो.

त्या दुपारीही त्याचा डावा हात छातीवर उघडा होता. उजव्या हाताच्या बोटांत मात्र चादरीची कड होती. ती मावशींनी सोडवून घेतली. एक हात एक म्हणत होता, दुसरा दुसरं. अशा शरीरावरून चेहरा कसा वाचायचा, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

घरी भिंतीशी बुद्धाची मूर्ती आहे, माझ्या वडिलांनी आणलेली. लहानपणापासून मी ते मिटलेले ओठ, ते खाली वळलेले डोळे बघत आले. बरोकच्या नादाला लागले ती बहुधा त्या शांततेचा कंटाळा येऊनच. त्या दिवसांत मी पुन्हा त्या मूर्तीसमोर बसायची. चांगलं वाटायचं, पण प्रश्न तिथेच राहायचा. तो चेहरा सगळं संपल्यानंतरचा आहे. मला मधलं हवं होतं.

फलकाचं पान तसंच पडून राहिलं. सूनबाईंचे दोन फोन येऊन गेले.

नंतर एक दिवस आई लोणावळ्याला आल्या. त्यांची मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली होती आणि डॉक्टरांना डोळे दाखवायचे होते. डॉक्टरांनी सगळं छान आहे म्हणून सांगितलं. बाहेर येऊन त्या रस्त्यावरच्या चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या एकेक करून बघायला लागल्या. वाचता येत नाही त्यांना, पण रंग दिसत होते.

"किती लख्ख हाय गं सगळं. आन तुझं केस पांडरं झाल्यात की. मला कुनी सांगितलंच न्हाई."

मी म्हटलं, लोकलला अजून वेळ आहे, मला खंडाळ्याला एक पुतळा बघायला जायचंय, येता का?

"कुनाचा पुतळा?"

"कुणाचा असा नाही. एक बाई आहे. तिला सत्य म्हणतात."

"बाईचं नाव सत्य?"

"नाव नाही आई. म्हणजे खरं बोलणं जे असतं, तेच बाईच्या रूपात दाखवलंय."

"मास्तरीन ती मास्तरीनच. येक गोष्ट सरळ सांगनार न्हाई," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या.

बंगल्यावर त्या दिवशी गेस्ट नव्हते. माळ्यानं फाटक उघडलं. आई काठी टेकत टेकत पुतळ्यापाशी गेल्या आणि थबकल्या.

"अगं बया! उघडीच हाय की!"

"वस्त्र ओढलंय ना त्यानं," मी म्हटलं.

"आन ह्यो मेला कोन?"

"तो काळ."

"यम?"

"नाही, जीव नेत नाही तो. झाकलेलं उघडं करतो."

"लुगडं ओढतोय, दुसरं काय करतोय?"

"मी बी त्येच म्हनतो मावशी," माळी म्हणाला. "ह्या बाई आल्या की येगळंच सांगत्यात."

"तू गप ऱ्हा. गाल कुनी खरवडला तिचा?"

माळी माझ्याकडे बघायला लागला. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन. आई पुतळ्याला पूर्ण वळसा घालून आल्या, घड्यांत बोटं घालून बघितली, मग मान वर करून चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"हिला काय हुतंय गं? अंगात आल्यावानी दिसती."

"देवीचं वारं येतं तसंच की," माळी म्हणाला.

"तुमच्यात येत असंल. आमी सोडलं त्ये," आई ताठ होऊन म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, "च्या करतोस का जरा? गुडगं गेल्यात माजं."

तो आत गेला. आम्ही पायरीवर बसलो.

"तू शिकल्याली. तुला काय वाटतं?"

"मला इतकी वर्षं वाटायचं की ती हसतेय. आता सांगता येत नाही."

"का?"

मग मी सांगत गेले. खालचा ओठ बघा, कोपऱ्यात जरा आत दुमडलाय. भुवया जवळ आल्यात, पण कपाळावर आठी नाही. पापणी जड आहे, बुबुळ वर गेलंय. गळ्याची ही शीर ताणलीय, ती हसतानाही ताणते आणि ओरडतानाही. हा गाल असा, तो गाल तसा. खूप दिवस कुणाला शिकवलं नव्हतं, त्यामुळे वाहवत गेले असेन.  माझं झाल्यावर आई म्हणाल्या,

"ह्या दगडाचं येवडं सांगितलंस. त्याचं मातूर सांगत न्हाईस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता.  आता औषधाचं विचारायची सोय नव्हती.

"आई, मला कळलं नाही तो कसा होता ते. दुखत होतं की काय होतं. खरंच नाही कळलं."

"कळलं न्हाई तर न्हाई. दिसलं ते सांग. आत्ता सांगितलंस तसं."

मी सांगितलं. तोंड उघडं होतं, एवढं, डाव्या बाजूला जरा जास्त. ओठ कोरडे होते, वरचा ओठ दाताला चिकटला होता. डोळे अर्धे मिटलेले. डावी भुवई वर. गाल आत गेलेले. नळीचा वळ. मान उशीवरून उजवीकडे कललेली. हाताचंही सांगितलं, चादरीच्या कडेचंही.

आईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "न्हाई येत डोळ्याम्होरं. करून दाव."

"काय?"

"त्वांड करून दाव. तू बघितलंयस."

मी आजूबाजूला बघितलं. बागेत कोणी नव्हतं. मी पायरीच्या कडेच्या खांबाला डोकं टेकवलं, मान उजवीकडे कलती केली आणि तोंड उघडलं. "लय उगडलंस का?" आई म्हणाल्या. मी कमी केलं. त्यांनी माझ्या हनुवटीला बोट लावून ती थोडी बाजूला सारली. "भुवई?" मी बोटानं डावी दाखवली. त्यांनी अंगठ्यानं ती वर ढकलली आणि तशीच धरून ठेवली. मग दुसऱ्या हातानं माझे गाल आत दाबून बघितले. त्यांच्या हाताला चुलीचा आणि डोळ्यांच्या मलमाचा वास होता.

अर्ध्या मिटल्या डोळ्यांतून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. उजेड दिसत होता आणि म्हाताऱ्याच्या तुटक्या पंखाचा खुंट. मला वाटलं होतं की असं तोंड केलं की आतून काहीतरी कळेल, त्याला काय होत होतं ते. तसं काही कळलं नाही. जबडा जड असतो, एवढंच कळलं. तोंड मिटलेलं ठेवायला माणूस दिवसभर किती ताकद लावतो याची आपल्याला कल्पना नसते. ती ताकद मी सोडून दिली होती आणि परत लावावीशी वाटत नव्हती.

"काय झालं बाईंना?" माळी चहाचे कप घेऊन दारात उभा होता. चांगलाच घाबरला होता.

"काय न्हाई झालं. ठेव च्या तितं आन जा."

तो गेला. आईंनी भुवईवरचा अंगठा काढला, पण बघायचं थांबवलं नाही.

"दमलाय," त्या म्हणाल्या.

मी तोंड मिटलं. "म्हणजे?"

"दमलाता गं तो. दुखत नसंल असं मी न्हाई म्हनत. पर ह्ये त्वांड दमल्याचं हाय. पावसाळ्याचा रातभर रुळावर हिंडून यायचा न्हाई का, दरड बघत? जोडं बी काडायचा न्हाई. भितीला टेकून असाच बसायचा. मी च्या आनून ठेवायची, तो गार हुयाचा." त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट केलं. "असाच."

तसा तो बसायचा हे मलाही माहीत होतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्ही कान्ह्यालाच राहत होतो. भिंत आठवत होती, चिखलाचे बूट आठवत होते. तोंड कसं असायचं, ते मला आठवेना. आणि दुसरंच काहीतरी सुचलं, ते बोलल्याशिवाय राहवेना.

"आई, हे तोंड माझं होतं. मी केलेलं. दमलेली मी असेन. त्याचं तसंच होतं असं कशावरून?"

"तुजं बी दिसतंय. कवाधरनं दिसतंय, ऑपरेशन व्हायच्या आदीपास्नं. जेवतीस का न्हाई धड?" मग बशीत चहा ओतत म्हणाल्या, "तुज्यातनं दिसंल न्हाईतर कुनातनं दिसंल आता? तूच हुतीस तितं."

आणि त्या रडायला लागल्या. तो गेला त्या दिवशी त्या ओरडल्या होत्या, नंतर पुण्यानुमोदनाच्या विधीला दगडासारख्या बसल्या होत्या. रडताना मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लागू देऊ नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी त्यांच्या डोळ्यांखाली माझा रुमाल धरून बसले.

फलकाचं पान मी नंतर पाठवून दिलं. काळ काय करतो, वस्त्र कसं कोरलंय, अंगाला पीळ कसा दिलाय हे लिहिलं, आणि चेहऱ्याचं फक्त जे दिसतं ते: ओठ, भुवया, पापण्या, दोन गाल. सूनबाई म्हणाल्या, मॅडम, पण हसतेय की रडतेय? मी म्हटलं, बघणाऱ्याला ठरवू दे. त्यांना ते आवडलं नसावं. नंतर कळलं, फलकावर शेवटची ओळ त्यांनी स्वतःच घातली आहे. काय घातली आहे ते मी अजून बघायला गेले नाही.

पुतळा बघून निघालो त्या संध्याकाळी आईंना एकटं पाठवायचा धीर झाला नाही. मी तशीच त्यांच्याबरोबर कान्ह्याला गेले. लोकलला गर्दी नव्हती. त्या खिडकीशी बसून बाहेरचं भात बघत होत्या आणि मधूनच माझ्या हाताला हात लावत होत्या. घरी पोचलो तेव्हा दीर कंपनीतून नुकतेच आले होते. आई आत जाता जाताच त्यांना म्हणाल्या,

"तो झोपंत न्हाई गेला. दमून गेला. तुमी सगळी उगंच सांगत हुता."

"अगं, झोपेतच गेला तो. डॉक्टर म्हणले की."

"डाक्टर आलता का तवा तितं? ही हुती." आणि त्या आत जाऊन पडल्या.

दीर माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता ते रागावणार, म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं म्हणून. ते नळाशी गेले, पाय धुतले, पुन्हा धुतले. मग नळ बंद न करताच म्हणाले, "वहिनी, आईनं विचारलं की मी आपलं सांगायचो, शांत गेला. मला तरी काय म्हाईत? मी आलो तवा बांधून ठेवलाता."

"हो."

"मग कसा होता?"

ते ओट्यावर येऊन बसले. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि वाट बघत राहिले. मी फार थकले होते, पण त्यांच्याशेजारी बसले, आणि ओठांपासून सुरुवात केली.